रीडेव्हलपमेंट: फ्लॅटमागे दोन गाड्यांची जागा मागावी का? आणि गेटसमोरच्या फुटपाथचं काय?

लिफ्ट_नाही

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये, डहाणूकर कॉलनीच्या मागच्या अंगाला आमची जुनी सोसायटी आहे. तीन मजले, बारा फ्लॅट, आणि टोपणनावात आहे ते. इतकी वर्षं रखडलेलं रीडेव्हलपमेंट आता खरंच होईल अशी चिन्हं आहेत. बिल्डर ठरलाय, करारनाम्याचा मसुदा हातात आलाय, त्यावर लवकरच सर्वसाधारण सभा आहे.

गाडं अडलंय ते पार्किंगवर. कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती वाढणार, कॉर्पस (बिल्डर सभासदांना देतो ती ठोक रक्कम) किती, दोन वर्षांचं भाडं किती, यावर मिळून जेवढी चर्चा झाली नाही तेवढी एकट्या पार्किंगवर झाली. बहुतेकांना फ्लॅटमागे दोन कारची जागा हवी आहे. ज्यांच्याकडे एकही कार नाही तेही दोन मागतायत. का, तर "आत्ता फुकट मिळतंय तर पदरात पाडून घ्या, उद्या भाड्याने देता येईल." बिल्डरही हो म्हणतो. फक्त मग पझल पार्किंग (गाड्या यंत्राने खाली-वर, बाजूला सरकवायचं), त्याखाली बेसमेंट, पुढच्या मोकळ्या जागेतही गाड्यांची एक रांग आणि एकाऐवजी दोन गेटं.

माझा प्रश्न त्या गेटपाशी सुरू होतो. आई माझ्याकडे असते. ब्याऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, डोकं आणि जीभ शाबूत. रोज संध्याकाळी वॉकर घेऊन कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत जाऊन यायचं हा तिचा नेम. अंतर हाकेच्या टप्प्यातलं. पण त्या टप्प्यात काय काय आहे ते ऐका. आमच्या गेटमधून उजवीकडे वळलं की शेजारची नवी अकरा मजली इमारत. तिच्या गाड्या आत चढाव्यात म्हणून गेटचा उतार सरळ फुटपाथवर आणून सोडलाय. उतार रस्त्याकडे, चालणारा आडवा. त्यामुळे वॉकरचे चार पाय एका वेळी कधीच जमिनीला टेकत नाहीत. एक बाजू टेकवली की दुसरी तरंगते. तो पार केला की विजेची डीपी. डीपीच्या दाराशी ड्रेनेजचं झाकण, पेव्हर ब्लॉकपेक्षा चांगलं दोन बोटं वर. पुढे एक ॲक्टिव्हा, कायमची. सीटवर पाचोळा साचलाय, पुढचं चाक बसलंय, आणि तिचा मालक कोण हे अख्ख्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही. मग पुढच्या सोसायटीचं गेट, म्हणजे पुन्हा उतार. आईने हा नाद कधीच सोडून दिला. ती रस्त्यावरूनच चालते, आणि मागून कुणी हॉर्न दिला की वॉकर थांबवून, सावकाश मान वळवून, त्याला काय सुनवायचं ते सुनावते. तो काचा वर करून आत गाणी ऐकत असतो, ती गोष्ट निराळी.

आता आमचीही इमारत तशीच उभी राहणार, आणि तो उतार आमच्या नावावर होणार. सभेत मी हे बोलले तर सेक्रेटरी म्हणाले, "ताई, भावनिक नको, मुद्द्याचं बोला." तर मला मुद्दे द्या. दुसऱ्या पार्किंगविरुद्ध ठोस असं काय सांगता येईल? आणि गेटसमोरचा फुटपाथ सपाट राहील अशी अट करारात घालता येते, की ते महापालिकेवर सोडून द्यायचं?

ता.क. आमच्याकडे एक कार आहे आणि ती मीच चालवते. "तुम्हा लोकांना गाड्यांचा राग" वगैरे लिहायचे कष्ट घेऊ नयेत.

दोन_गाड्या

ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू मांडतो. मी हिंजवडीला जातो, बायको खराडीला. शहराची दोन टोकं. वनाज-रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण चालू आहे, मान्य, बायको कधीमधी जातेही. पण रामवाडीला उतरल्यावर खराडी पुढे उरतेच, आणि तिथला रिक्षावाला मीटर ही गोष्ट मानत नाही. माझ्या बाजूची हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो बालेवाडी, बाणेर, विद्यापीठ अशी येते. कोथरूडला तिचा काय उपयोग? पीएमपीची बस बदलून जायचं तर ऑफिसला पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी होते. हौस म्हणून कुणी दुसरी गाडी घेत नाही हो, हप्ते असतात.

मुद्दा साधा आहे. आत जागा दिली नाही म्हणून गाडी हवेत विरणार नाही. ती गेटबाहेर, तुमच्या आईंच्याच वाटेवर उभी राहील. मग आत दिलेली काय वाईट?

नकाशाबाई

मी आर्किटेक्ट आहे. कोथरूड-एरंडवण्यातल्या बऱ्याच रीडेव्हलपमेंटचे नकाशे माझ्या टेबलावरून गेलेत, म्हणून जरा लांबण लावते.

लिफ्ट_नाही, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. ते एकच आहेत. शेजारच्या इमारतीचा उतार फुटपाथवर का आला, ते आधी बघा. जोतं रस्त्यापेक्षा उंच असतं, समजा ४५ सेंटिमीटर. गाडीसाठी एकास दहाचा उतार धरला तर तेवढं चढायला साडेचार मीटर लांबी लागते. ही लांबी कुठून मिळते? इमारतीच्या पुढच्या सामासिक अंतरातून, म्हणजे फ्रंट मार्जिनमधून. तिथे कुणाच्या तरी दुसऱ्या गाडीची जागा आखली की उताराला जागाच उरत नाही, आणि तो गेटबाहेर सरकतो. नकाशात तो दिसत नाही, बरं का. नकाशात उतार हद्दीच्या आत असतो. इमारत पूर्ण झाल्यावर, शेवटच्या पंधरवड्यात, गेट बसवणारा येतो, गाडी घासते म्हणतो, आणि दोन पाट्या काँक्रीट बाहेर ओततो. झालं काम. सभेत हेच सांगा: पुढच्या रांगेतलं पार्किंग म्हणजे फुटपाथवरचा उतार. त्यात भावनिक काही नाही, भूमिती आहे.

दोन गेटांचंही तेच. दर्शनी भाग १८ मीटर धरू. सहा-सहा मीटरची दोन गेटं काढली तर बारा मीटर उतार आणि सहा मीटर फुटपाथ. अग्निशमनच्या बंबासाठी एक रुंद गेट लागतंच. दुसरं असतं ते गाडी वळवायचा कंटाळा म्हणून.

आता "फुकट". पार्किंगचं क्षेत्र एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मर्यादेत, धरत नाहीत, त्यामुळे बिल्डर हात सैल सोडतो. पण एफएसआय लागत नाही म्हणजे पैसे लागत नाहीत असं नाही. एका कारला नियमाने अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आत-बाहेर करायला लागणारी वाट धरली की ते जवळपास दुप्पट होतं. अडीचशेच्या वर चौरस फूट. या शहरात तेवढ्यात माणसं संसार करतात. शिवाय कोथरूडच्या पोटात काळा पाषाण आहे. खोल बेसमेंट म्हणजे महिनोन्‌महिने ब्रेकर, शेजाऱ्यांच्या भिंतींना तडे, आणि खर्च. तो बिल्डर खिशातून करत नाही, तुमच्या कार्पेटमधून आणि कॉर्पसमधून करतो. म्हणून सभेआधी बिल्डरकडून लेखी दोन प्रस्ताव मागवा: फ्लॅटमागे एक कार धरून एक, दोन कार धरून दुसरा. दोन्हींतला कॉर्पसचा फरक फळ्यावर लिहा. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांची मतं तिथल्या तिथे फिरताना मी पाहिली आहेत.

आणि पार्किंगची "मालकी". स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डरने फ्लॅटसारखी वेगळी विकायची नाही, ती सोसायटीची सामाईक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं. रेरा हा घरबांधणी व्यवसायाचा कायदा आल्यावर आच्छादित पार्किंगचं प्रकरण थोडं बदललं, पण उघड्यावरची जागा आजही विकता येत नाही. पुढच्या रांगेतली जागा म्हणजे उघड्यावरचीच. ती "उद्या भाड्याने देऊ" म्हणणाऱ्यांनी सोसायटीचे उपविधी एकदा उघडून बघावेत. वाटप सोसायटी करते, सातबारा निघत नाही.

दोन_गाड्या, तुमचं म्हणणं अर्धं पटतं. आत जागा नसेल तर गाडी बाहेर येते. पण आत जागा असली म्हणजे बाहेर येत नाही, असं कोथरूडमध्ये मला तरी आढळलं नाही. पझल पार्किंग वापरलंय का? लहानपणी एक घर रिकामं ठेवून आकडे सरकवायचं प्लास्टिकचं कोडं असायचं, तेच, फक्त आकड्यांच्या जागी गाड्या. तुमची गाडी वरच्या पॅलेटवर, म्हणजे गाडी ठेवायच्या सरकत्या फळीवर असली तर आधी खालच्या बाजूला सरकणार, मग तुमची उतरणार. सकाळी पावणेनऊला चारजण एकदम निघाले की शेवटचा माणूस घड्याळ बघत उभा. प्रत्येक पॅलेटला उंचीची आणि वजनाची मर्यादा असते, आणि पुण्यात आता जो तो उंच एसयूव्ही घेतोय. खड्ड्यात पावसाचं पाणी साचतं, त्याला पंप. पंपाला आणि यंत्राला वार्षिक देखभालीचा करार, तो बिल्डर गेल्यावर तुमच्या गळ्यात. मग होतं काय, की दोनपैकी एक गाडी "रात्रीपुरती" बाहेर राहते आणि पॅलेटवर जुना सोफा जातो. हे मी विनोदाने लिहीत नाहीये.

नियमाने जितकं पार्किंग द्यावं लागतं ते द्यावंच लागेल, त्यात वाद नाही. डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ते कार्पेटच्या हिशेबाने ठरतं, फ्लॅट मोठा तितक्या गाड्या जास्त. पाहुण्यांचंही थोडं धरावं लागतं. मी बोलतेय ते त्यावर मागितल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या समोरचा रस्ता किती मीटरचा?

सदाशिव_पेठी

कोथरूडकरांची चर्चा वाचून करमणूक झाली. आमच्या वाड्यात पार्किंग हा शब्द कुणी उच्चारला तर आजोबा विचारत, "घोडा कुणी घेतला?"

दोन_गाड्यांना कुणी खरं उत्तर देत नाहीये, म्हणून मी देतो. गाडी बाहेर राहते, कारण बाहेर उभी करायला एक पैसा पडत नाही. आत यंत्र, रांग, देखभाल. बाहेर फुकट, सावली, आणि उतरलं की दार. तुम्ही काय निवडाल? २०१८ च्या मार्चमध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने पार्किंग धोरण मंजूर केलं होतं, रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे भरा असं. गदारोळ झाला, मोर्चे निघाले, मग आधी पाच रस्त्यांवर प्रयोग करू असं ठरलं, आणि तो प्रयोग पुणेकरांनी डोळ्यांनी काही पाहिला नाही. त्याच वर्षी शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या माणसांच्या वर गेली म्हणून सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. एका हाताने ते वाचायचं, दुसऱ्या हाताने धोरणाच्या विरोधात सही करायची.

पेठेत आम्ही सम-विषम तारखेवर जगतो. पी-वन, पी-टू. आज या बाजूला, उद्या त्या बाजूला, आणि रात्री बारानंतर तारीख बदलते हे विसरलेल्याची गाडी सकाळी उचललेली. पण एक सांगतो, मंडई, किराणा, डॉक्टर, नाट्यगृह, बँक, सगळं पायाखाली. माझ्या स्कूटरला महिन्याचं पेट्रोल किती लागतं हे सांगितलं तर तुम्ही हसाल. लक्ष्मी रस्त्याला ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, २०२१ पासून. त्या दिवशी गाड्या बंद. गंमत बघायला जा: रस्ता अख्खा मोकळा, तरी माणसं सवयीने दुकानांच्या कडेकडेने चालतात. मधून चालायला तासभर तरी धीर होत नाही.

पैसे देऊन गाडी लावायची जागा नाही असंही नाही. मंडईपाशी मिनर्व्हा आहे, आर्यन आहे, बाबू गेनू आहे. पण माणूस गाडी तिथे लावून दोनशे पावलं चालणार नाही, नदीपात्रात लावेल. मग खडकवासल्यातून पाणी सोडलं की भोंग्यावर "आपापली वाहने काढून घ्यावीत." दर पावसाळ्यात. तरी कुणाची ना कुणाची राहतेच, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

दोन_गाड्या

पेठेतले काका टोमणे छान मारतात. पैसे भरायला माझी ना नाही. पण ते पैसे फुटपाथला लागले हे मला दिसलं पाहिजे. आत्ता मी रस्ता कर भरतो, टोल भरतो, आणि वर पावसाळ्यात खड्डेही मीच भरतो, माझ्या पाठीच्या मणक्यांनी. आणि २०२५ मध्ये परिवहन मंत्रीच म्हणाले की पार्किंगच्या जागेचा दाखला नसेल तर नव्या गाडीची नोंदणी होऊ देणार नाही. जपानमध्ये १९६२ पासून तसा कायदा आहे म्हणे. उद्या इथे तसं आलं तर ताईंच्या सोसायटीतले दुसरं पार्किंग मागणारेच शहाणे ठरतील, एवढं लक्षात घ्या.

नकाशाबाईंचा सोफ्याचा मुद्दा मात्र मान्य. आमच्या पॅलेटवर सोफा नाही, कूलर आहे.

औंधकर

फुटपाथ रुंद केला की सगळं सुटतं असं समजणाऱ्यांसाठी औंधची बातमी. आमच्याकडे स्मार्ट सिटीत आयटीआय रस्त्याचे आणि डीपी रस्त्याचे फुटपाथ ऐसपैस केले. त्याआधी जंगली महाराज रस्त्याचे झाले होते. सुरुवातीला बोंबाबोंब: रस्ता अरुंद केला, धंदा बसला, गाड्या कुठे लावायच्या. मग संध्याकाळी माणसं खरंच चालायला लागली. आजी-आजोबा, बाबागाडीतली पोरं, बाकावर बसलेली कॉलेजची मंडळी. दुकानदारांच्या तक्रारी आपोआप मऊ झाल्या, कारण चालणारा माणूस थांबतो, गाडीवाला पुढे जातो.

पण सिग्नल लागला की दुचाकीवाल्यांना आता दोन रस्ते आहेत, एक डांबरी आणि एक पेव्हरचा. बोलार्ड, म्हणजे फुटपाथवरचे बुटके खांब लावले त्याने कार अडते, दुचाकी नाही. कारण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की स्कूटर आरामात निघते, आणि स्कूटर अडेल एवढी फट केली की व्हीलचेअर अडते. याला उत्तर लोखंडाचं नाही, पावतीचं आहे. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांत फुटपाथवर गाडी उभी करायला स्वच्छ मनाई आहे. कागदावर काही कमी नाही. मी फोटो काढून संबंधित कार्यालयाकडे टाकले होते. "तक्रार निकाली काढण्यात आली" असा निरोप आला तेव्हा ती गाडी माझ्यासमोर जिथल्या तिथे उभी होती, निरोप मी तिच्या बॉनेटला टेकून वाचला.

लिफ्ट_नाही यांना एक कामाचं सांगतो. झाकण, डीपी, तुटलेला पेव्हर यांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवायची सोय २००६-०७ पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, लहान कामंच घेतात, आणि तुमचं लहानच आहे. "फुटपाथ सुधारा" असं लिहू नका. अमुक गेटपासून तमुक दुकानापर्यंत इतक्या मीटरचा फुटपाथ एका पातळीत करणे, दोन झाकणं समतल करणे, असं लिहा. मोघम अर्जाला मोघम उत्तर मिळतं.

लिफ्ट_नाही

सगळ्यांचे आभार. सदाशिव_पेठी काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती नारायण पेठेतली. म्हणाली, "त्यांना म्हणावं, आमच्याकडे घोडाही नव्हता आणि ऐटही नव्हती." काय तो सलोखा तुम्ही दोघं बघा.

नकाशाबाई, रस्ता आत्ता सहा मीटरचा आहे. बिल्डर म्हणतो तो नऊचा होणार, आम्ही आमच्या हद्दीतली दीड मीटरची पट्टी सोडायची, त्याबदल्यात एफएसआय मिळतो. हे मला नीट कळलेलं नाही. आणि त्या पट्टीच्या कडेलाच आमचा गुलमोहर आहे. बिल्डरचा माणूस त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो ती मला आवडत नाही.

नकाशाबाई

मग तुमचं प्रकरण माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं आहे.

पट्टीची गोष्ट अशी. २०१६ मध्ये टीडीआरचे (दुसरीकडून विकत आणायच्या बांधकामाच्या हक्काचे) नियम बदलले आणि नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर वापरता येईना. जुन्या कॉलन्यांतली असंख्य रीडेव्हलपमेंटं तिथे अडकली. २०२० मध्ये महापालिकेने सहा मीटरचे तीनशेवर रस्ते नऊ मीटर करायचं ठरवलं, दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर घेऊन. त्यावरही बराच वाद झाला, पण कॉलन्यांत आज जे उंच टॉवर दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांचं गणित या पट्टीवर उभं आहे.

कागदावर रस्ता रुंद होतो. प्रत्यक्षात काय होतं ते तुमच्या शेजाऱ्याच्या दारात बघा. सगळ्या सोसायट्या एकाच वेळी पट्टी सोडत नाहीत. एकाची सुटली, पुढच्या दोघांच्या कुंपणाच्या भिंती अजून तिथेच. त्यामुळे वाहतुकीला त्या तुकड्याचा उपयोग शून्य. दीड मीटर खोल, इमारतीएवढा लांब खिसा तयार होतो, आणि त्यात गाड्या लागतात. सोसायटीने दिलेली जमीन, तिच्या बदल्यात बांधकाम पदरात पडलेलं, आणि वापर कायमच्या पार्किंगचा. ती पाचोळावाली ॲक्टिव्हा अशाच एखाद्या खिशात असेल.

तुम्ही त्या खिशात फुटपाथ करून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या मानकात वस्तीच्या भागात मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आहे. तुमची पट्टी दीड मीटर, वर रस्त्याकडचा जेमतेम फूटभर मिळाला की पुरे. शेजारच्यांच्या पट्ट्या सुटतील तसा तो जोडला जाईल.

करारात काय लिहायचं ते सांगते, भाषा वकिलाकडून करून घ्या. गेट एकच. पुढच्या सामासिक अंतरात, उताराच्या वाटेवर, कुठलंही पार्किंग आखायचं नाही. गाड्यांचा संपूर्ण उतार हद्दीच्या आत, आणि हे नकाशाच्या छेदात पातळ्यांसकट दाखवायचं. नुसता "उतार" असा बाण नको, आकडे हवेत. सोडलेल्या पट्टीवर फुटपाथ बिल्डरने महापालिकेच्या परवानगीने स्वखर्चाने करायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: गेटसमोर फुटपाथ खाली उतरणार नाही, तो एका पातळीत सलग जाईल, गाडी त्यावर चढेल आणि ओलांडेल. चढायला लागणारा छोटा उतार फक्त रस्त्याकडच्या कडेला, हातभर रुंदीचा. महापालिकेच्या २०१६ च्या रस्ता आराखड्याच्या मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही असाच आहे, त्यामुळे नवीन काही मागताय असं कुणाला म्हणता येणार नाही. याचा दुसरा फायदा, गाडीचा वेग गेटपाशी आपोआप मरतो. अशा सलग फुटपाथवर वॉकरचे चारही पाय टेकतात.

बिल्डरने सोसायटीला दिलेल्या बँक गॅरंटीचा शेवटचा हप्ता या कामाला बांधा. किती टक्के ते वकील सांगेल, पण पूर्णत्वाचा दाखला आला आणि बँक गॅरंटी सुटली की तुमच्या हातात काही राहत नाही. काँक्रीटच्या त्या दोन पाट्या नेमक्या त्यानंतर ओतल्या जातात.

दोन_गाड्या, दाखल्याचा नियम आला तरी एक गाडी आत आणि एक बाहेर ठेवणाऱ्याला दाखला कशाच्या जोरावर मिळणार? मग लोक पॅलेटचा दाखला दाखवतील आणि गाडी बाहेर लावतील. पेठेतल्या काकांचा मुद्दा पहिला: बाहेरचं फुकट थांबल्याशिवाय आतल्याला किंमत नाही. आणि तुमच्यासारख्यांची सोय करायचीच असेल तर एक मध्यम मार्ग आहे, मी दोन सोसायट्यांत केलाय. दुसऱ्या गाडीच्या चार-पाच जागा सामाईक ठेवायच्या, कुणाच्या नावावर नाहीत. ज्याला हवी त्याने सोसायटीला दरमहा शुल्क द्यायचं, दर वर्षी नव्याने. शुल्क लागलं की कूलर ठेवायला कुणी जागा घेत नाही.

गुलमोहर कुठे आहे ते नीट मोजा. झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तोंडी "बघू" म्हणून चालत नाही. झाडाची जागा सर्वेक्षणाच्या नकाशात दाखवली आहे का ते आजच तपासा. बऱ्याचदा ते नकाशातच नसतं, आणि मग वाचवायला काही उरत नाही.

सदाशिव_पेठी

लिफ्ट_नाही, आईंना नमस्कार सांगा. नारायण पेठेत ऐट नव्हती हे विधान मात्र मी पुराव्याशिवाय मान्य करणार नाही.

दोन_गाड्या

ते सामाईक जागांचं शुल्क साधारण किती ठेवता? आमच्या सोसायटीतही मांडून बघतो. कूलरचं मी बघतो काय करायचं ते.

नकाशाबाई

आकडा इथे देत नाही, प्रत्येक इमारतीत वेगळा बसतो. हिशेब असा करा: यंत्राची वर्षाची देखभाल भागिले जागा, हा तळ. त्याखाली गेलात तर गाडी नसलेले लोक तुमच्या गाडीचा खर्च भरतायत.

लिफ्ट_नाही

टेप घेऊन मोजून आले. गुलमोहराचं खोड पट्टीच्या रेषेच्या आत, आमच्या बाजूला, सव्वा फुटावर आहे. सर्वेक्षणाच्या नकाशात ते नाही. बिल्डरला आजच मेल केलाय, दुरुस्त नकाशा आल्याशिवाय मसुद्यावर चर्चा नाही असं. सेक्रेटरींनाही प्रत पाठवलीये, "मुद्द्याचं" असा विषय लिहून. दोन प्रस्तावांचे आकडे आले आणि वकिलांनी कलमं लिहून दिली की इथेच टाकते. तेव्हा चुका काढायला या.